दप्तर कोठे ठेवावे?

शिळफाटा म्हटला की पुष्कळांना ठाण्याकडचा आठवतो. आम्ही म्हणतो तो खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा. याच खोपोलीत 1915 साली टाटांचे जलविद्युतगृह सुरू झाले. तोवर मुंबईच्या गिरण्या आपापल्या आवारात बॉयलर पेटवून एंजिने फिरवीत. पुढे घाटमाथ्याच्या पाण्यावर येथे निपजलेली वीज तारेने गिरणीत पोचू लागली आणि गिरणीवाल्यांनी हळूहळू बॉयलर थंड केले. शक्ती दुसऱ्याच्या घरची, बिल वापरापुरते. आज शाळा-महाविद्यालयांच्या कचेरीत 'क्लाउड' म्हणून जे आले आहे, त्याची जात हीच. संगणकाचे कोठार दूर कोठेतरी. कारकुनाच्या टेबलावर केवळ पडदा.

आपल्या राज्यात ही वाट बरीचशी सरकारनेच पाडली. 2015 साली शालेय शिक्षण विभागाची 'सरल' प्रणाली आली आणि गावोगावच्या विद्यार्थ्यांची माहिती एके ठिकाणी भरली जाऊ लागली. सोय मोठी, यात शंका नाही. जुलै 2021 मध्ये महाड-चिपळूण पाण्याखाली गेले. तळमजल्यावरच्या कागदांचे पुरात काय होते हे कोकणाला निराळे सांगावयास नको.

परंतु वीज आणि दप्तर यांत एक भेद आहे. दिवा लागला की वीज कोणाची याची चौकशी कोणी करीत नाही. नोंद मात्र ज्याची त्याची असते. कर्जत-खालापुरातील एखाद्या ठाकूर वा कातकरी मुलाला जातपडताळणीस जावयाचे, तर 1950 पूर्वीच्या कागदाला मोठे वजन. आजोबा चार दिवस जरी शाळेत गेले असतील, तरी जनरल रजिस्टरातली ती एक ओळ नातवाच्या कामी येते. ती ओळ लिहिणाऱ्या मास्तरांना याची कल्पनाही नसेल!

घाईचा अनुभवही आपल्या पदरी आहे. 2017 साली मुंबई विद्यापीठाने ऐन परीक्षेच्या हंगामात उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याचे ठरविले. निकाल महिनोन्महिने रखडले, पुढील प्रवेश अडले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. दोष यंत्राचा थोडा, सरावावाचून केलेल्या उडीचा अधिक, असे आम्हांस वाटते.

तेव्हा संस्थाचालकांनी करारावर सही करण्यापूर्वी विचारावे: सेवा बंद पडली तर आमचे रजिस्टर कोणत्या रूपात आणि किती दिवसांत परत मिळेल? उत्तर लेखी घ्यावे. आणि स्कॅन झाले म्हणून जुने बाड रद्दीत मुळीच घालू नये.