मुलांचं इंग्रजी: कुणाशी कसं बोलायचं, हे घरातच शिकवू या

आपल्या घरातलं पाच वर्षांचं मूलही दादीला 'आप' म्हणतं आणि धाकट्या भावाला 'तू'. घरात उर्दू असो, दखनी असो, कोकणी असो की मराठी, कुणाला कसं बोलायचं हे मूल ऐकून ऐकून शिकतं. पण तेच मूल इंग्रजी बोलायला लागलं की हा अदब कुठेतरी हरवतो. शाळेत वही परत मागताना ते टीचरना सरळ म्हणतं, "गिव्ह मी माय नोटबुक." टीचरना वाटतं मूल उद्धट आहे. मुलाला मात्र आपलं काय चुकलं तेच कळत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. शब्द, स्पेलिंग, व्याकरण शाळेत होतं. पण मित्राशी कसं बोलायचं आणि मुख्याध्यापकांशी कसं, हा भाग बऱ्याचदा राहून जातो. म्हणून या लेखात आपण तोच पाहू. ज्या अम्मी-अब्बूंना स्वतःला इंग्रजी येत नाही, त्यांनाही यातलं बरंच काही शिकवता येईल.

गडबड नेमकी कुठे होते?

मराठीत "वही दे" आणि "वही द्या" यांत फरक आहे. उर्दूत "दो" आणि "दीजिए" यांत फरक आहे. आपला आदर क्रियापदातच बसलेला असतो. इंग्रजीत 'दे' आणि 'द्या' दोन्हींसाठी एकच शब्द, 'गिव्ह'. मूल मनात "द्या" म्हणतं, पण तोंडातून बाहेर पडतं "दे".

पूर्वी इंग्रजीतही दोन शब्द होते. जवळच्या माणसाला 'दाऊ' म्हणत आणि मान द्यायचा असेल तर 'यू'. सतराव्या शतकात रोजच्या बोलण्यातून 'दाऊ' मागे पडला आणि सगळ्यांसाठी 'यू' उरला. म्हणजे इंग्रजीत 'आप' नाही. पण म्हणून आदर नाही असं मात्र नाही. तो फक्त दुसऱ्या जागी गेला आहे, आणि मुलांना ती जागा दाखवावी लागते.

इंग्रजीत आदर कुठे असतो?

हुकूम न करता विचारण्यात. "ओपन द डोअर" हा हुकूम झाला. "कुड यू ओपन द डोअर, प्लीज?" ही विनंती झाली. नुसतं 'प्लीज' जोडून काम भागत नाही. "प्लीज गिव्ह मी" हा अजूनही हुकूमच वाटतो, थोडा मऊ एवढंच. वाक्य प्रश्नाच्या रूपात आलं की समोरच्याला 'नाही' म्हणायला जागा राहते. आदर त्या जागेत असतो.

'कुड' आणि 'वुड' मध्ये. 'कॅन' पेक्षा 'कुड' जास्त नम्र, 'विल' पेक्षा 'वुड'. "आय वाँट वॉटर" ऐवजी "आय वुड लाइक सम वॉटर, प्लीज" म्हटलं की तेच मागणं अदबीचं होतं. हे दोन शब्द मुलाच्या तोंडात बसले तर अर्धं काम झालं समजा.

पूर्ण शब्द बोलण्यात. 'या', 'वॉना', 'गॉना', 'गिमी' ही मित्रांमधली रूपं. मोठ्यांसमोर 'येस', 'वाँट टू', 'गोइंग टू' म्हणावं. 'डोंट' आणि 'आय ॲम' चं 'आय'म' मात्र दोन्हीकडे चालतं. ते चूक समजून मुलाला टोकू नका.

हाक मारण्यात. आपल्याकडे 'सर', 'मॅडम' पुरतं. ब्रिटन-अमेरिकेत 'मिस्टर' किंवा 'मिस' च्या पुढे आडनाव लावतात, पहिलं नाव नाही. अनोळखी माणसाला 'अंकल', 'आंटी' म्हणणं हा आपल्याकडचा गोड रिवाज, पण तिकडच्या लोकांना तो विचित्र वाटू शकतो. ज्यांची मुलं आखातात, लंडनला किंवा अमेरिकेत शिकतात त्यांनी हे आधीच सांगून ठेवावं.

प्रसंग एकच, बोलणं दोन

खालची वाक्यं मुलांकडून मोठ्याने म्हणून घ्या. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. फक्त कुठलं कुणासमोर, एवढंच शिकायचं आहे.

- भेटल्यावर. मित्राला: "हाय! व्हॉट्स अप?" टीचरना: "गुड मॉर्निंग, मॅडम."
- ऐकू आलं नाही तर. मित्राला: "व्हॉट?" मोठ्यांना: "सॉरी सर, कुड यू रिपीट दॅट, प्लीज?"
- काही मागताना. मित्राला: "कॅन आय टेक युअर पेन?" मोठ्यांना: "मे आय बॉरो युअर पेन, प्लीज?"
- चूक दाखवताना. मित्राला: "नो, दॅट्स राँग." सरांना: "सर, आय थिंक देअर इज अ मिस्टेक इन दिस सम."
- उत्तर येत नसेल तर. मित्राला: "नो आयडिया." परीक्षकांना: "आय ॲम सॉरी, आय डोंट नो द आन्सर."
- फोनवर. मित्राला: "हू'ज दिस?" अनोळखी माणसाला: "मे आय नो हू इज स्पीकिंग?"
- निघताना. मित्राला: "बाय, सी यू!" मुलाखतीनंतर: "थँक यू फॉर युअर टाइम."

दोन गोष्टी आपल्याकडे हमखास ऐकू येतात. एक, ओळख करून देताना "मायसेल्फ" म्हणून नाव सांगणं. त्याऐवजी "माय नेम इज" म्हणावं. दुसरी, "व्हॉट इज युअर गुड नेम?" हे आपल्या 'शुभ नाव' चं भाषांतर आहे. भारतात चालून जातं, बाहेर लोक गोंधळतात. "मे आय नो युअर नेम?" हे सगळीकडे चालतं.

साधं इंग्रजी म्हणजे वाईट इंग्रजी नव्हे

काही पालक कार्टूनमधलं, गेममधलं, यूट्यूबवरचं बोलणं ऐकून चिडतात. 'ब्रो', 'व्हॉटएव्हर', 'शट अप' कानावर आलं की ओरडतात. ओरडू नका, विचारा: "हे कुणाला म्हणता येईल? कुणाला नाही?" मूल स्वतःच यादी करतं. 'ब्रो' मित्राला चालेल, सरांना नाही. 'शट अप' पडद्यावर गंमत म्हणून येतं, पण खऱ्या आयुष्यात तो अपमान ठरतो.

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. जे मूल फक्त पुस्तकातलं इंग्रजी शिकलं, ते मित्रांमध्ये "आय डू नॉट नो" असं एकेक शब्द तोडून बोलतं. मुलं हसतात आणि ते मूल गप्प होतं. उर्दू किंवा मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावी सायन्सला गेलेल्या मुलामुलींच्या बाबतीत हे जास्त जाणवतं. विषय समजतो, मार्कही पडतात, पण वर्गात हात वर होत नाही. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत उत्तर माहीत असूनही शब्द फुटत नाही. पुढे ॲडमिशन, स्कॉलरशिप, नोकरीची मुलाखत, सगळीकडे हीच अडचण. म्हणून दोन्ही प्रकारचं बोलणं यायला हवं.

किती वयात शिकवायचं?

वाटतं त्यापेक्षा लवकर. १९७३ साली अमेरिकेत मारिलिन शॅट्झ आणि रोशेल गेलमन या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की चार वर्षांची मुलंही दोन वर्षांच्या मुलाशी बोलताना छोटी, सोपी वाक्यं वापरतात आणि मोठ्यांशी बोलताना लांब. म्हणजे समोर कोण आहे ते पाहून बोलणं बदलण्याची जाण मुलांत असतेच. आपल्याला ती फक्त इंग्रजीत आणायची आहे.

भाषाशास्त्रज्ञ मार्टिन जूस यांनी इंग्रजी बोलण्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत, अगदी घरच्या खाजगी बोलण्यापासून ते कधीच न बदलणाऱ्या ठरावीक शब्दांपर्यंत. मुलांसाठी तीन पुरे: घरचं, मित्रांचं आणि मानाचं.

*४ ते ६ वर्षे:* खेळण्यांचा खेळ करा. एक बाहुली टीचर, एक मित्र. दोघांकडे पाणी मागायला सांगा. या वयात 'प्लीज', 'थँक यू', 'सॉरी' आणि 'मे आय' एवढं पुरे.

*७ ते १० वर्षे:* फोनचा खेळ घ्या. अब्बू कधी मित्र होतील, कधी डॉक्टर, कधी शाळेचा ऑफिसवाला. आवाज ऐकून मुलाने बोलणं बदलायचं.

*११ वर्षांपुढे:* आठवड्यातून एकदा १० मिनिटं घरातच मुलाखत घ्या. कॉलेजला जाणारी बाजी किंवा भाईजान असेल तर त्यांना परीक्षक करा. नाव, शाळा, आवड, पुढे काय व्हायचंय, एवढे चार प्रश्न बस.

अम्मी-अब्बूंना इंग्रजी येत नसेल तर?

एकच प्रश्न लक्षात ठेवा: "हेच दादीला सांगायचं असतं तर कसं सांगितलं असतंस?"

मूल आधी आपल्या भाषेत म्हणेल, "दादी, जरा पानी देंगे क्या?" किंवा "आजी, जरा पाणी देता का?" आता तेच इंग्रजीत सांगायला लावा. वाक्य आपोआप प्रश्नाचं होतं, "कुड यू" कडे वळतं. इंग्रजी तुम्हाला तपासता आलं नाही तरी चालेल. वाक्य प्रश्नासारखं आलं का, आवाज खाली आहे का, समोरच्याकडे पाहून बोललं का, शेवटी 'थँक यू' आलं का, एवढं तर कुठल्याही भाषेत कळतं.

चुकलं तर पाहुण्यांसमोर टोकू नका. लोक गेल्यावर शांतपणे बरोबर वाक्य म्हणून घ्या. चारचौघांत टोकलेलं मूल पुढच्या वेळी इंग्रजी बोलायचंच टाळतं.

सुरुवात लहान ठेवा. या आठवड्यात फक्त 'कुड यू' घ्या. पुढच्या आठवड्यात 'मे आय', त्यानंतर फोनवरचं बोलणं. अदब आपल्या मुलांना आधीच येतो. त्याला इंग्रजी शब्द द्यायचे, एवढंच आपलं काम आहे.