हांगचौची कला अकादमी आणि चिनी संकल्पनात्मक कला

चीनच्या झेजियांग प्रांतातील हांगचौ येथील ही कलाशिक्षणसंस्था शिक्षणतज्ज्ञ त्साई युआनपेई यांच्या पुढाकाराने १९२८ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख लिन फेंगमियान हे फ्रान्समध्ये शिकलेले चित्रकार असून, चिनी व पाश्चात्त्य चित्रपद्धतींचा मेळ घालणे हे त्यांचे धोरण होते. मात्र १९४९ नंतर अभ्यासक्रमावर सोव्हिएत धर्तीच्या समाजवादी वास्तववादाचा पगडा बसला.

संकल्पनात्मक कला म्हणजे जिच्यात हस्तकौशल्यापेक्षा आणि तयार होणाऱ्या वस्तूपेक्षा तिच्यामागील विचार महत्त्वाचा मानला जातो, अशी कला. ती या संस्थेत शिकवली गेली, असे म्हणता येणार नाही. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा वर्गात काटेकोर रेखाटनाचा सराव, तर ग्रंथालयात परदेशी कलाग्रंथ, अशी दुहेरी परिस्थिती नव्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला आली आणि त्या ताणातूनच त्यांचे प्रश्न उभे राहिले. अमेरिकेत राहून आलेले अध्यापक झेंग शेंगत्यान यांच्या व्याख्यानांनी आधुनिक पाश्चात्त्य कलेची ओळख अधिक नेमकी करून दिली.

या प्रश्नांचे सर्वांत धारदार रूप हुआंग योंग पिंग यांच्या कृतीत दिसते. १९८२ मध्ये येथून पदवी घेऊन ते शियामेनला परतले, तेथे त्यांनी कलाशिक्षक म्हणून काम केले आणि १९८६ मध्ये ‘शियामेन दादा’ हा गट उभा केला. १ डिसेंबर १९८७ रोजी त्यांनी वांग बोमिन यांचा चिनी चित्रकलेचा इतिहास आणि हर्बर्ट रीड यांच्या आधुनिक चित्रकलेवरील ग्रंथाचा चिनी अनुवाद, ही दोन पुस्तके कपडे धुण्याच्या यंत्रात दोन मिनिटे घुसळली. उरलेला कागदाचा ओला, राखाडी लगदा त्यांनी लाकडी खोक्यावर, फुटक्या काचेवर मांडला. त्या लगद्यात चिनी पान कोणते आणि पाश्चात्त्य कोणते, हे सांगता येत नाही. लिन यांनी चित्रात साधू पाहिलेला मेळ येथे अक्षरशः पाण्यात कालवला गेला. वांग बोमिन हे याच अकादमीत अध्यापन करीत असल्याने ही कृती परक्यावरचा हल्ला नसून स्वतःच्या शिक्षणाचीच परखड तपासणी होती.

येथील दुसरे पदवीधर झांग पेइली यांनी १९८८ च्या ‘३० × ३०’ या चित्रफितीत आरसा फोडून, त्याचे तुकडे चिकटवून, पुन्हा फोडण्याची क्रिया संथपणे चित्रित केली असून, ती चीनमधील पहिली व्हिडिओ कलाकृती मानली जाते. याच अकादमीत २००३ मध्ये नवमाध्यम कला विभाग सुरू झाला आणि त्याचे प्रमुखपद झांग पेइली यांच्याकडे आले.