खिशातली लढाई

लढायांच्या हकीकती वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली. या वाचनात एक खोड आपणा सर्वांनाच लागते. कोणाच्या तोफा किती लांब पल्ल्याच्या होत्या, याची चौकशी आपण आधी करतो आणि कोणाच्या घोड्यांना वेळेवर चंदी मिळत होती, याची मागाहून. वास्तविक क्रम उलटा हवा. आज मी जी लढाई सांगणार आहे, तीत तोफा नाहीत आणि घोडेही नाहीत. ती मुलांच्या खिशांत, आगगाडीच्या बाकांवर आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत लढली गेली. हातात धरून खेळण्याच्या यंत्रांची ही लढाई १९८९ साली पेटली. तिच्यातही चंदीचा प्रश्न होताच; फक्त तिचे नाव पेन्सिल सेल असे होते.

दिवाळी अंकात हा कसला पोरखेळ, असे वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना वाटेल. मलाही १९९२ च्या मे महिन्यापर्यंत तसेच वाटत असे. त्या सुट्टीत माझा धाकटा भाऊ अमेरिकेतून सहकुटुंब आला आणि आम्ही सगळे एस्टीने राजापूरला घरी गेलो. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाजवळ एक करड्या रंगाचा, विटेएवढा जाड डबा होता. त्याच्या पडद्याचा रंग शेवाळलेल्या हौदातल्या पाण्यासारखा. त्याचे नाव गेम बॉय. आमच्या आईचे वय तेव्हा सत्तरीला टेकलेले. पहिले दोन दिवस ती नातवावर रागावली, तिसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावरून पाहू लागली आणि चौथ्या दिवशी डबा तिच्या हातात होता! वरून वेगवेगळ्या आकारांचे तुकडे पडायचे, ते फिरवून बसवायचे आणि आडवी ओळ भरली की ती नाहीशी व्हायची. आईने त्याला ‘चिऱ्यांचा खेळ’ असे नाव दिले, कारण घर बांधताना गवंडी जांभ्याचे चिरे कसे सांधे मारून बसवतात ते तिने आयुष्यभर पाहिले होते. “अरे, ती लांब काठी कधी यायची?” असे ती मोठ्याने विचारी. ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांना या प्रश्नातली आर्तता कळेल.

पुतण्या मात्र थोडा खट्टू होता. त्याच्या वर्गातल्या काही मुलांकडे म्हणे रंगीत पडद्याचे यंत्र होते आणि त्याचे ते डबडे म्हाताऱ्या माणसांना आवडते, ही काही वर्गात जाऊन सांगण्याजोगी गोष्ट नव्हती. त्याचे ते रुसणे मला पुढे फार उपयोगी पडले. रंगीत यंत्र असताना बेरंगी यंत्र का विकले जावे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात राहिला.

हा डबा बनवणाऱ्या कंपनीचे, निन्टेन्डोचे, मूळ क्योटो शहरात आहे. १८८९ साली फुसाजिरो यामाउची यांनी ती काढली, तेव्हा तिथे हानाफुदा नावाचे, फुलाफुलांचे जपानी पत्ते तयार होत. १९६५ मध्ये गुन्पेई योकोई नावाचा तरुण पदवीधर तिथे नोकरीला लागला. काम काय, तर पत्ते करणाऱ्या यंत्रांची देखभाल. फावल्या वेळात त्याने लांबवर जाऊन वस्तू पकडणारा एक चिमटा केला. मालकांनी तो पाहिला आणि १९६६ साली त्याचे खेळणे करून बाजारात आणले. खेळणे खपले आणि योकोई देखभालीतून कायमचा सुटला.

योकोईंचे एक सूत्र होते. त्याचा शब्दशः अर्थ असा, की वाळलेल्या तंत्राचा आडव्या दिशेने विचार करावा. ‘वाळलेले’ हा शब्द आपल्या कानाला बरा लागत नाही. मला वाटते, आपला ‘मुरलेले’ हा शब्द त्यांच्या मनातल्या अर्थाच्या अधिक जवळ जातो. जे तंत्र बाजारात येऊन जुने झाले, स्वस्त झाले, ज्याच्या खोड्या सर्वांना कळून चुकल्या, ते घ्यावे आणि पूर्वी कोणी लावले नव्हते अशा कामाला लावावे. सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांत गणकयंत्रांची अशी काही चढाओढ लागली, की त्यांचे द्रवस्फटिकी पडदे मातीमोल झाले. अशा काळात जपानच्या वेगवान रेल्वेत कंटाळलेला एक प्रवासी गणकयंत्राची बटणे उगाच दाबीत बसलेला योकोईंना दिसला. त्यातून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ हे खिशातले खेळणे निघाले. त्याला घड्याळही होते, म्हणजे मोठ्या माणसालाही ते बाळगायला निमित्त मिळाले!

त्या खेळण्यात एका यंत्रात एकच खेळ असे. खेळ बदलता यावेत म्हणून निराळी कॅसेट घालण्याची सोय (आपल्याकडची मुले तिला कॅसेटच म्हणत) अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीच्या ‘मायक्रोव्हिजन’ने १९७९ मध्येच केली होती, पण तिचा पडदा सोळा ठिपके रुंद आणि सोळा ठिपके उंच. एवढ्याशा अंगणात कोण खेळणार? योकोई आणि त्यांचे सहकारी यांनी दोन्ही कल्पना एकत्र आणल्या आणि २१ एप्रिल १९८९ रोजी जपानात गेम बॉय आला. किंमत १२,५०० येन. पडद्यावर चारच छटा आणि पडद्याला स्वतःचा उजेड नाही. आतला मेंदू सत्तरच्या दशकातल्या चिपच्या घराण्यातला. त्याच उन्हाळ्यात तो अमेरिकेत सुमारे ९० डॉलरांना विकायला ठेवला गेला.

समोर आले कोण? पहिले अटारीचे लिंक्स, त्याच वर्षी. ते मुळात एपिक्स नावाच्या कंपनीत घडले. घडवणारे आर. जे. मायकल आणि डेव्ह नीडल हे अमिगा संगणकाच्या चमूतले नामांकित कारागीर होते. एपिक्सची आर्थिक स्थिती ढासळली आणि यंत्र अटारीकडे गेले. रंगीत, उजळ पडदा. चित्रे झपाट्याने लहानमोठी करण्याची करामत. डावखुऱ्यांसाठी उलटे धरण्याचीही सोय. कारागिरी म्हणून पाहिले तर या तिघांत मी लिंक्सलाच पहिला मान देईन. पण किंमत सुमारे १८० डॉलर आणि खेळ किती, तर उभ्या आयुष्यात शंभरही नाहीत. सुंदर वाडा बांधावा आणि त्यात राहायला माणसेच येऊ नयेत, तसे झाले.

दुसरा प्रतिस्पर्धी अधिक तालेवार. सेगाचा गेम गिअर १९९० च्या ऑक्टोबरात जपानात आणि पुढल्या वर्षी अमेरिकेत आला. त्याचे अंतरंग सेगाच्या घरगुती मास्टर सिस्टिमशी मिळतेजुळते असल्यामुळे तिकडचे खेळ इकडे आणणे सोपे होते. धावणारा निळा सॉनिक होता, शिवाय वेगळा जोड लावून त्यावर दूरदर्शनही पाहता येई. किंमत सुमारे १५० डॉलर. अमेरिकेतल्या जाहिरातींत सेगाने गेम बॉयच्या हिरवट पडद्याची मनसोक्त टिंगल केली. मोठ्या भावाला, अंगात रग असलेल्या पोरांना ती आवडणारी होती. माझ्या पुतण्याचे रुसणे त्या जाहिरातींच्याच पोटी जन्मले असावे.

आता चंदीचा हिशेब. त्या काळचा रंगीत पडदा दिसावा म्हणून त्याच्या पाठीमागे एक छोटी नळी सतत जळत ठेवावी लागे आणि ती नळी सेल पिऊन टाकी. गेम गिअरला सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. लिंक्सलाही सहा, चार-पाच तासांसाठी. गेम बॉयला चार सेल आणि ते पंधरा तासांच्या आसपास, कधी अधिकही चालत. रोज दोन तास खेळणाऱ्या मुलाचे गेम गिअरचे सहा सेल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संपणार. गेम बॉयचे चार आठवडाभर पुरणार. सेलचे पैसे मूल देत नाही, बाप देतो. जाहिरात मुलाला उद्देशून होती. हिशेब मात्र बापाच्या वहीत लिहिला जात होता. म्हणूनच, नवे प्रतिस्पर्धी यंत्र येते आहे असे एका सहकाऱ्याने चिंतातुर होऊन सांगितले, तेव्हा योकोईंनी एवढेच विचारले, की पडदा रंगीत आहे की साधा? रंगीत आहे असे कळल्यावर ते निश्चिंत झाले. रंगाविषयी त्यांचे म्हणणे मोठे मार्मिक होते. फळ्यावर दोन वर्तुळे काढून हा बर्फाचा माणूस आहे म्हटले, की पाहणाऱ्याला बर्फाचा पांढरा रंग आपोआप दिसतो.

पण नुसत्या काटकसरीवर ही लढाई जिंकली असे मी म्हणणार नाही. चिऱ्यांच्या खेळाची कथा त्यासाठी सांगायला हवी.

टेट्रिस १९८४ साली मॉस्कोत जन्मला. अलेक्सेय पाझित्नोव हे तिथल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करीत. खेळ त्यांचा, पण हक्क सोव्हिएत सरकारचा, आणि विकण्याचा अधिकार एलोर्ग या सरकारी खात्याकडे. परदेशात या हक्कांची अशी गुंतागुंत झाली होती, की कोणी कोणाला काय विकले याचा पत्ता कोणालाच नव्हता. १९८९ च्या फेब्रुवारीत तीन माणसे एकाच आठवड्यात मॉस्कोत पोचली. रॉबर्ट स्टाइन, ब्रिटिश वृत्तपत्रांचे धनी रॉबर्ट मॅक्सवेल यांचे चिरंजीव केव्हिन, आणि हेंक रॉजर्स. रॉजर्स जन्माने डच, वाढले अमेरिकेत, धंदा जपानात. प्रवासी म्हणून परवाना काढून आलेले आणि सरकारी कचेरीत कोणी बोलावले नसताना जाऊन उभे राहिलेले! तिथे त्यांची पाझित्नोवांशी गट्टी जमली आणि हातातल्या यंत्रासाठीचे हक्क त्यांनी पटकावले. निन्टेन्डोच्या अमेरिकन शाखेचे प्रमुख मिनोरु आराकावा यांना ते आधीच सांगून बसले होते, की हे यंत्र लहान मुलांनी घ्यावे असे वाटत असेल तर त्याबरोबर मारिओचा खेळ द्या; सगळ्यांनीच घ्यावे असे वाटत असेल तर टेट्रिस द्या. आराकावांनी टेट्रिस दिला. अमेरिकेत प्रत्येक डब्याबरोबर तो गेला आणि त्यातलाच एक राजापूरच्या पडवीत येऊन पोचला. पाझित्नोवांना मात्र १९९६ पर्यंत या खेळाच्या हक्कापोटी काही मिळाले नाही.

एका खेळाने गिऱ्हाईकच बदलले. १९९३ मध्ये हिलरी क्लिंटन यांचे विमानात गेम बॉय खेळतानाचे छायाचित्र निघाले. त्याच वर्षी अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव टेट्रिससह तो घेऊन मीर या अंतराळस्थानकावर गेले. १९९५ साली निन्टेन्डोने जाहीर केले, की अमेरिकेत गेम बॉय खेळणाऱ्यांत ४६ टक्के मुली आणि स्त्रिया आहेत. आमच्या आईला या आकड्याचे काही नवल वाटले नसते. आपल्याकडे तर त्या दशकात रस्त्यारस्त्यावर ‘ब्रिक गेम’ नावाची स्वस्त यंत्रे आली. त्यांत ९,९९९ खेळ असल्याची बढाई छापलेली असे. प्रत्यक्षात बहुतेक तोच एक चिऱ्यांचा खेळ वेगवेगळ्या वेगांत घातलेला. अस्सल डबा ज्यांनी कधी पाहिला नाही, अशा हजारो घरांत टेट्रिस पोचला तो असा.

गेम गिअर सुमारे एक कोटी विकला गेला. हे काही थोडे नव्हे. गेम बॉय आणि त्याची पुढली रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांवर गेली. १९९६ उजाडता उजाडता ते यंत्र खरे म्हणजे म्हातारे झाले होते. त्याला पुन्हा तारुण्य दिले ते एका किडे गोळा करणाऱ्या मुलाने. सातोशी ताजिरी लहानपणी तोक्योच्या बाहेर, माचिदात, किडे पकडीत हिंडत. दोन गेम बॉय जोडणारी तार यंत्रात पहिल्यापासून होती, पण तिचा उपयोग समोरासमोर झुंजण्यापुरता. त्या तारेवरून किडे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चालत जात आहेत, असे ताजिरींना दिसले. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी पोकेमॉनच्या तांबड्या आणि हिरव्या अशा दोन कॅसेट आल्या. एकीत जे प्राणी मिळत ते सगळेच दुसरीत मिळत नसत. म्हणजे मित्राकडे गेल्यावाचून संग्रह पुरा होणार नाही! दोन पोरांना एकमेकांशेजारी बसवणारी ही युक्ती मला त्या सगळ्या रंगीत पडद्यांहून श्रेष्ठ वाटते.

योकोईंचे मात्र काय झाले? १९९५ मध्ये त्यांचा ‘व्हर्च्युअल बॉय’ आला. डोळ्यांना लावून पाहण्याचे, काळ्यावर तांबड्या रेघा दाखवणारे ते यंत्र ना खिशात मावत होते, ना कोणाच्या शेजारी बसून खेळता येत होते. वर्षाच्या आत त्याचा गाशा गुंडाळला गेला. १९९६ साली, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर, ते कंपनीतून बाहेर पडले आणि कोतो नावाची स्वतःची छोटी कंपनी काढून बान्दाईसाठी नव्या यंत्राच्या कामाला लागले. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी महामार्गावर त्यांच्या गाडीला किरकोळ अपघात झाला. काय झाले ते पाहायला ते खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्यांना उडवले. वय अवघे छप्पन.

त्यांचे शेवटचे यंत्र ‘वंडरस्वान’ १९९९ च्या मार्चमध्ये जपानात आले. किंमत ४,८०० येन, पडदा बेरंगी, एकच पेन्सिल सेल आणि तो तीसेक तास चाले. मुरलेल्या तंत्राचे यापेक्षा शुद्ध रूप दाखवता येणार नाही. त्यावरच्या एका खेळाला त्यांच्या स्मरणार्थ ‘गुन्पेई’ हे नाव दिले होते. तरी ते हरले. बापाने मागाहून घडवलेला धाकटा, आधी घडवलेल्या थोरल्यासमोर उभा राहिला, आणि तोवर थोरल्याकडे पोकेमॉन होता, वर्गातल्या सगळ्या मुलांच्या कॅसेट होत्या. चंदी कितीही स्वस्त असो, एकट्याने स्वारी होत नाही. वंडरस्वान जपानबाहेर विक्रीला आलाच नाही आणि २००३ च्या सुमारास संपला.

पुढे २००४ साली सोनीचा देखणा पीएसपी आणि निन्टेन्डोचा दोन पडद्यांचा डीएस यांच्यात हीच लढाई नव्याने झाली. मेंदूला व्यायाम देणारे आणि कुत्र्याची पिल्ले पाळण्याचे खेळ घेऊन डीएस पुन्हा आजीआजोबांकडे आणि मुलींकडे गेला व पंधरा कोटींवर खपला. पीएसपी त्याच्या साधारण निम्म्यावर थांबला. त्या लढाईची हकीकत कोणा तरुण लेखकाने लिहावी.

यंदा दिवाळीच्या सफाईत राजापूरच्या माळ्यावरून एक पत्र्याचा डबा निघाला. त्यात आईचा चष्मा, तिची जपमाळ आणि तो करडा गेम बॉय होता. पुतण्याने जाताना आजीला दिलेला. कोपऱ्यावरच्या दुकानातून चार सेल आणून मी खटका वर सारला. टिंग असा आवाज झाला. माझ्या नातवाने, ज्याला यापूर्वी कधी न उजळणारा पडदा ठाऊकच नाही, त्यावर दोनतीनदा बोट फिरवून पाहिले. मग म्हणाला, “आजोबा, काहीच दिसत नाही.” मी त्याला उठवून पडवीत, उजेडाकडे पाठ करून बसवले.