ताऱ्याचा जीर्णोद्धार

एखाद्या पडक्या देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे गांवकऱ्यांस आनंद होतो. परंतु तोच चुन्याचा हात भिंतीवरील शिलालेखावरून फिरला, तर इतिहासाच्या अभ्यासकाच्या काळजांत चर्र होतें. देऊळ नवें दिसूं लागलें, पण तें कोणीं बांधलें हें सांगणारा साक्षीदार मुका झाला. जुन्या मोटारगाड्यांच्या बाबतींतहि हाच प्रश्न उभा राहतो, असें म्हटल्यास वाचकांस क्षणभर नवल वाटेल. तथापि ज्या पिंपरी-चिंचवड व चाकणच्या टापूंत आज हजारों कुटुंबांचा चरितार्थ मोटारीच्या धंद्यावर चालतो, तेथील सुशिक्षित वाचकानें तरी या प्रश्नाकडे पाठ फिरवूं नये.

२०१४ सालापासून मुंबईस जुन्या मर्सिडीज-बेंझ गाड्यांचे मेळावे भरूं लागले. १९२८ सालीं प्रथम निघालेल्या, आठ सिलिंडरांच्या न्युरबुर्ग ४६० या जातीची गाडीहि त्यांत लोकांनीं पाहिली आहे. अशी गाडी पुन्हां चालती करणें हें येरागबाळ्याचें काम नव्हे. गंजलेला पत्रा ठोकून मूळ आकारास आणावा लागतो. बाजारांत न मिळणारा सुटा भाग लेथवर घडवावा लागतो. सुतार, टर्नर, फिटर, रंगारी आणि गाद्या शिवणारा अशा कित्येकांचे हात त्या एका गाडीस लागतात. २०२१ सालीं केंद्र सरकारनेंहि यासंबंधीं नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपांत राखलेली आणि जिच्या चासींत, बॉडींत वा एंजिनांत मोठा फेरफार झालेला नाहीं, अशीच गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदली जाते. तिच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात, आणि नित्याच्या वापरासाठीं ती रस्त्यावर आणतां येत नाहीं. कायद्यानें मूळ स्वरूपाचा आग्रह धरला हें योग्यच झालें. परंतु गाडीचें रूप राखलें म्हणजे तिचा इतिहासहि राखला, असें होतें काय?

या गाडीची जी बखर सामान्यतः सांगितली जाते, तींत शोधक व मालक यांचीं नांवें ठळक असतात. कार्ल बेंझ यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. तिची शक्ति पुरी एका घोड्याइतकीहि नव्हती, आणि लोकांचा तिच्यावर विश्वास बसत नव्हता. १८८८ च्या ऑगस्टांत त्याची पत्नी बेर्टा दोन मुलांस घेऊन मानहाइमहून फॉर्झहाइम या आपल्या माहेरीं निघाली. अंतर सुमारें १०६ किलोमीटर. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या पिनेनें मोकळी केली. वीसलॉख गांवच्या औषधाच्या दुकानांतून इंधन विकत घेतलें. ब्रेक झिजले, तेव्हां चांभाराकडून त्यांवर चामडें बसवून घेतलें. विवाहापूर्वींच तिच्या स्त्रीधनाचा पैसा बेंझच्या कारखान्यांत लागला होता. बेंझच्या यंत्रास लोकमान्यता मिळवून देण्यांत या माउलीच्या धाडसाचा वांटा मोठा आहे.

‘मर्सिडीज’ हें नांव पुढें निराळ्याच घरांतून आलें. गोट्लीब डाइमलर १९०० सालीं निवर्तला, आणि त्याचा सहकारी मायबाख यानें एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या मागणीवरून एक हलकी व बुटकी गाडी सिद्ध केली. येलिनेकच्या मुलीचें नांव मर्सिडीज; तेंच गाडीस मिळालें. १९०९ सालीं तीन टोकांच्या ताऱ्याची नोंद झाली. जमीन, पाणी व आकाश या तिन्ही मार्गांवर आपलें एंजिन चालावें, ही त्यामागील आकांक्षा. १९२६ सालीं डाइमलर व बेंझ या दोन्ही कंपन्या एक झाल्या.

बखर बहुधा येथून झपाट्यानें पुढें सरकते. परंतु बखरीपेक्षां अस्सल कागदांवर भिस्त ठेवण्याची शिस्त राजवाड्यांनीं आपणांस घालून दिली आहे. तीस अनुसरून पाहिलें म्हणजे दिसतें, कीं हिटलर व त्याचे साथीदार याच ताऱ्याच्या भव्य गाड्यांतून मिरवले. आणि १९४४ सालीं कंपनीच्या सुमारें ६३,००० कामगारांपैकीं जवळजवळ निम्मे वेठीस धरलेले मजूर, युद्धकैदी व छळछावण्यांतील बंदिवान होते. पुढें कंपनीनेंच ही गोष्ट मान्य केली आहे. त्या काळांतील एखादी गाडी झगझगीत करून तिच्यापुढें केवळ वाहवा करणें, हा शिलालेखावर फासलेला चुनाच होय.

आतां आपल्याकडे वळूं. भारतीय बनावटीच्या वाहनावर हा तारा प्रथम आला तो श्रीमंती गाडीवर नव्हे, तर मालट्रकच्या नाकावर. रेल्वेचीं एंजिनें बांधण्याकरितां १९४५ सालीं स्थापन झालेल्या टेल्कोनें १९५४ सालीं डाइमलर-बेंझशीं पंधरा वर्षांचा करार केला, आणि जमशेदपुरास ट्रक तयार होऊं लागले. १९६९ सालीं करार संपला. तारा उतरला, पण शिकलेले हात राहिले. पिंपरीकडे टेल्कोनें १९६६ पासून आपलें बस्तान बसविलें होतें. १९९५ सालीं मर्सिडीजची पहिली भारतीय मोटार निघाली ती याच पिंपरीच्या आवारांतून. पुढें २००९ सालीं तो कारखाना चाकणास गेला. मोरया गोसावींचें चिंचवड आणि फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० सालीं शाइस्तेखानाविरुद्ध सुमारें दोन महिने झुंजविलेलें चाकण, यांच्या परिसरांत एका ऑस्ट्रियन मुलीचें नांव अशा रीतीनें रोजच्या बोलण्यांतलें झालें.

पिंपरींत निघालेल्या त्या पहिल्या गाड्यांना पन्नास वर्षें पुरीं होतील, तेव्हां त्यांचाहि जीर्णोद्धार होईल, आणि कोणी हौशी मालक त्या मेळाव्यांत मिरवील. त्या वेळीं सांगितल्या जाणाऱ्या इतिहासांत येलिनेकची कन्या असेल. परंतु पिंपरीच्या शॉपमध्यें पाळी संपवून सायकलीनें घरीं परतणारा फिटर असेल काय? तो या वाचकांपैकींच कित्येकांचा पिता वा काका आहे. त्याचें काम कोणत्या पेटंटांत नोंदलेलें नाहीं. तें घरच्या आठवणींत, जुन्या हजेरीपत्रकांत व छायाचित्रांत विखुरलें आहे, आणि हीं साधनें फार लौकर नाहींशीं होतात.

म्हणून जुन्या गाडीची हौस करणाऱ्यांस आमची एवढीच सूचना आहे. गाडीसोबत एक वही ठेवावी. कोणता भाग मूळचा, कोणता नवा, तो कोणीं, कोठें व केव्हां घडविला, आणि गाडी पूर्वीं कोणाच्या सेवेंत होती, हें सर्व तींत बरें-वाईट न लपवितां लिहावें. रंग दहा-पंधरा वर्षांनीं पुन्हां द्यावाच लागेल. ती वही मात्र एकदां लिहावयाची राहिली, तर मागाहून कोणत्याहि कारागिरास ती घडवितां यावयाची नाहीं.