गढी कोणाची?

इंदापूरच्या गढीला आपण मालोजीराजांची गढी म्हणतो. नाव योग्य आहे, पण त्या नावातली षष्ठी फसवी आहे. 'ची' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खरेदीखत, सातबारा आणि वारसनोंद उभी राहते. मालोजींकडे यातले काही नव्हते. निजामशाहीने त्यांना दिली ती जहागीर, म्हणजे मुलखाचा वसूल घेऊन फौज बाळगण्याचा हक्क. ते इंदापूरच्या लढाईत पडले आणि हा हक्क त्यांचे पुत्र शहाजीराजे यांच्याकडे आला. त्यांच्या जहागिरीत पुणे-सुप्याबरोबर इंदापूरही मोजले जाई. १६३६ साली निजामशाही बुडाली, शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले. वरचा शिक्का बदलला, तरी पुणे-सुपे त्यांच्याकडेच राहिले. सुप्याला त्यांचे मेहुणे संभाजी मोहिते कारभार पाहत. शिवाजीराजांनी ते ठाणे ताब्यात घेतले आणि मामांना शहाजीराजांकडे रवाना केले. यात कुठेही घराची खरेदी-विक्री झालेली नाही. हक्क ज्याच्या हाती, त्याचीच गढी. म्हणून या भागातल्या गढ्यांच्या मालकीचा इतिहास लिहायचा तर तो वसुलाच्या हक्काचा इतिहास म्हणूनच लिहावा लागतो, आणि त्या नाहीशा का झाल्या याचे उत्तरही तिथेच सापडते.

यावर बारामतीचे उदाहरण पुढे करता येईल. कऱ्हेकाठचा बाबूजी नाईकांचा वाडा हा तर सावकाराने बांधलेला वाडा, मग तो खासगी कसा नव्हे? आक्षेप वजनदार आहे. नाईक पेशव्यांचे सोयरे. बाबूजींचे बंधू आबाजी यांना पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई दिलेली. पैसा एवढा, की १७४० मध्ये बाजीराव वारल्यावर रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी बाबूजींचेच नाव पुढे केले. कवी आणि पुराणिक मोरोपंत पन्हाळ्याहून येऊन १७९४ मध्ये निधन होईपर्यंत बारामतीत राहिले, तेही नाईकांच्याच आश्रयाला. पण पुराणिकाला पोसणारा, नदीकाठी तटबंदी उभी करणारा आणि ती राखणारा वाडा केवळ व्याजावर चालत नसतो. त्यामागे बारामतीची जहागीर होती. ती सत्ता सरली तेव्हा वाड्यात सरकारी कचेऱ्या आल्या. इंदापूरच्या गढीवरही तहसील कचेरी बसली. अनेकांना यात विटंबना दिसते. मला मात्र यात सातत्य दिसते. वसूल जिथे जमा व्हायचा तिथेच तो पुढेही जमा होत राहिला, फक्त घेणारा बदलला.

गढीचा घात झाला तो इंग्रजांच्या जमीनमोजणीने, आणि योगायोग असा की ती मोजणी इंदापुरातच घडली. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास बसवलेला शेतसाऱ्याचा आकार रयतेला पेलला नाही. माणसे गाव सोडून गेली, जमिनी पडीक पडल्या. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने पाहणी केली आणि १८३६ मध्ये कमी केलेले दर तीस वर्षांसाठी बांधून दिले. मुंबई इलाख्याची रयतवारी याच तालुक्यात आकाराला आली. रयतेला त्यातून खरा दिलासा मिळाला, हे आधी मान्य केले पाहिजे. पण आता आकार शेताशेतावर बसला. 'काळी' म्हणजे शेतजमीन वहीत आली, 'पांढरी' म्हणजे गावठाण बाहेर राहिले, आणि गढी तर पांढरीवरच उभी. खातेदाराचा पैसा थेट सरकारी खजिन्यात जाऊ लागला. पांढऱ्या मातीच्या बुरुजाला दरवर्षी पावसाआधी लिंपावे लागते, तटाची ढासळलेली बाजू भरावी लागते. हा खर्च पूर्वी वसुलातून निघे. वसूल गेला आणि लिंपण थांबले. गढ्या पावसाने पडल्या असे म्हणतात ते खरे आहे. पण पाऊस आधीची दोनशे वर्षेही पडतच होता.

उरतो वतनाचा मुद्दा. पाटीलकी वडिलोपार्जित असे, गहाण पडे, विकली जाई, भावांत वाटली जाई. मग पाटलाची गढी तरी खासगी मालमत्ता मानायला नको का? काही अंशी मानावी. या गढ्या जहागिरीच्या गढ्यांपेक्षा जास्त टिकल्या, त्याचे कारणही हेच. पण वतन म्हणजे चाकरीसकट हक्क, आणि तो पातळ होत गेला. १८६७ च्या फेरआकारणीत इंदापूरचा सारा निम्म्याहून अधिक वाढला. सारा भरायला रयत सावकाराच्या दारी गेली, आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. हक्क आता गढीत नसून कागदात आहे, हे त्या लोकांनी अचूक ओळखले होते. १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत पाटीलकी संपली. नंतर गढीच्या जागेचे हिस्से पडले, सागवानी तुळया निघाल्या, आणि बुरुजाची पांढरी माती धाब्याच्या घरांवर पसरायला टोपल्या-टोपल्यांनी गावात गेली.