खुर्द्यासाठी कापलेली चांदी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वसलेल्या इंग्रज वसाहतींत जमिनीला तोटा नव्हता, लाकूड, तंबाखू, मासळी आणि पीठ यांचीही ददात नव्हती. उणीव होती ती बाजारात मोजून देता येईल अशा नाण्याची. इंग्लंडने आपली चांदी देशाबाहेर जाऊ द्यायची नाही आणि वसाहतींनी स्वतःची टांकसाळ घालायची नाही, असा दुहेरी दंडक असल्यामुळे ही उणीव अपघाताची नव्हे, तर राज्यकर्त्यांच्या धोरणाचीच होती. मॅसॅच्युसेट्सने तेवढा हा दंडक मोडला. लंडनचे सिंहासन रिकामे असताना, १६५२ साली, तेथील सभेने जॉन हल आणि रॉबर्ट सँडरसन या बोस्टनच्या कारागिरांकडून चांदीचे शिलिंग पाडून घेण्यास प्रारंभ केला, आणि ही टांकसाळ पुढे सुमारे तीस वर्षे चालली तरी जवळजवळ प्रत्येक नाण्यावर साल मात्र १६५२ हेच राहिले. एरवी सर्वत्र परक्याच्या नाण्यावर विसंबून राहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ते परके नाणे म्हणजे स्पेनच्या राजाचे आठ रियालांचे नाणे, अर्थात स्पॅनिश डॉलर. मेक्सिकोची टांकसाळ सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाली, पोतोसीच्या डोंगरातील चांदी तिच्यामागून आली, आणि या दोन ठिकाणांहून निघालेल्या सुमारे सत्तावीस ग्रॅम वजनाच्या नाण्यांच्या रुपेरी प्रवाहाने मनिलापासून लंडनपर्यंतचा व्यापार भिजवून काढला. उत्तरेकडील इंग्रज वसाहतवाले वेस्ट इंडीजच्या साखरेच्या बेटांना मासळी, पीठ आणि लाकूड पुरवीत व मोबदल्यात तेथून हे डॉलर आणीत. परंतु लंडनच्या कापडाचे आणि लोखंडी सामानाचे देणे चुकविण्यासाठी ते पुन्हा अटलांटिकपार रवाना होत. हिशेबाच्या वहीत पौंड, शिलिंग, पेन्स आणि हातात स्पॅनिश डॉलर, असा हा विलक्षण संसार होता. त्यातही प्रत्येक वसाहतीचा शिलिंग निराळा: न्यू इंग्लंडमध्ये डॉलर सहा शिलिंगांचा, पेनसिल्व्हेनियात साडेसात शिलिंगांचा, तर न्यूयॉर्कात आठ शिलिंगांचा. डॉलर सहा शिलिंगांहून अधिक भावाने चालवू नये, असा जाहीरनामा राणी ॲनने १७०४ साली काढला. पण बाजारभावापुढे राजाज्ञेचे जे एरवी होते तेच तिचेही झाले.

एवढे मोठे नाणे रोजच्या व्यवहारात वापरायचे कसे, हा खरा प्रश्न होता. शेरभर मीठ किंवा घोड्याचा नाल घेणाऱ्याने अख्खा डॉलर पुढे केला, तर दुकानदाराने मोड कोठून आणावी? चार, दोन, एक आणि अर्ध्या रियालाची लहान नाणीही टांकसाळींतून निघत, परंतु ती मागणीला पुरी पडत नव्हती. तेव्हा लोहाराच्या ऐरणीवर डॉलर ठेवून छिन्नीच्या घावाने त्याचे दोन, चार किंवा आठ तुकडे करावयाचे, हा सोपा तोडगा निघाला. अर्धा डॉलर चार रियालांचा, चतकोर दोन रियालांचा आणि आठवा भाग एक रियालाचा. मूल्य चांदीच्या वजनात आहे, वरच्या राजाच्या मुखवट्यात नाही, अशी समजूत असल्यामुळे राजाच्या मस्तकावरून छिन्नी फिरविताना कोणाला संकोच वाटल्याचे दिसत नाही.

आणि जेथे तोडगा तेथे लबाडी, हे ओघानेच आले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांनी भाड्याने आणलेल्या जर्मन पलटणींपैकी अन्सबाखच्या पलटणीबरोबर आलेला योहान डेव्हिड श्यॉफ नावाचा वैद्य, युद्ध संपल्यावर १७८३-८४ मध्ये, नव्या राष्ट्रात हिंडला आणि त्याने आपले प्रवासवर्णन लिहून ठेवले. वनस्पती, खडक, रस्ते, खाणावळी या सर्वांकडे बारकाईने पाहणाऱ्या या गृहस्थाच्या नजरेतून बाजारातील हे तुकडेही सुटले नाहीत. एका डॉलरचे चार चतकोर व्हावयाचे ते चलाख कापणारा पाच करी, आठ तुकड्यांच्या जागी नऊ किंवा दहा काढी, आणि उरलेला तुकडा हा त्याचा निव्वळ नफा. हिशेब करून पाहिला म्हणजे या चोरीची मौज कळते. प्रामाणिक चतकोराचे टोक काटकोनाचे, नव्वद अंशांचे असावयास हवे. पाचात कापलेल्याचे ते बहात्तर अंशांवर येते. वजन पावणेसात ग्रॅमच्या आसपास भरावयास हवे, तेथे साडेपाच ग्रॅमही भरत नाही. हा फरक डोळ्याला जाणवण्याइतका आहे. पण आठाऐवजी नऊ तुकडे केले तर पंचेचाळीस अंशांचे चाळीस होतात आणि वजनात चार दशांश ग्रॅमचीही तूट येत नाही. संध्याकाळच्या उजेडात, दारूच्या गुत्त्यात, तराजू जवळ नसताना ही तूट पकडणारा माणूस विरळाच म्हणावा लागेल.

मेरीलँडची राजधानी अ‍ॅनापोलिस येथील जॉन चाल्मर्स या सोनाराने याच गोंधळातून आपला धंदा उभा केला. त्याने १७८३ साल घातलेली शिलिंगे, सहा पेन्सांची व तीन पेन्सांची गोल, नीटस नाणी स्वतःच्या नावाने पाडली. कापलेले तुकडे घ्यावयाचे आणि त्यांच्या बदल्यात ही नाणी द्यावयाची, असा त्याचा क्रम होता, आणि त्यात त्याचा चांगला लाभ झाला असे श्यॉफने नमूद केले आहे. शिलिंगाच्या एका बाजूस परस्परांत गुंफलेले दोन हात आणि दुसऱ्या बाजूस एकाच किड्यावर तुटून पडलेले दोन पक्षी कोरलेले आहेत. या पक्ष्यांचा अर्थ लावताना अभ्यासकांनी तेरा संस्थानांतील भांडणांपर्यंत कल्पना ताणल्या आहेत. मला तर वाटते, एकाच डॉलरवर छिन्नी घेऊन बसलेल्या बाजाराचे याहून चपखल चित्र त्या सोनाराला सुचणे शक्य नव्हते. चाल्मर्सच्या नाण्यांना सरकारी आधार नव्हता. ती चालली ती केवळ त्याच्या नावावर.

हे नावावर चालणे म्हणजे काय, ते मराठी वाचकाला फोडून सांगण्याचे कारण नाही. पेशवाईत नाना टांकसाळींचे रुपये एकाच पेठेत येत, त्यांतील प्रत्येकाला निराळा बट्टा लागे, आणि पोतदाराने पारखून दिलेला किंवा सराफाने बारीक ठसा मारून ठेवलेला रुपया लोक विश्वासाने स्वीकारीत. अमेरिकेतील शहरांत हेच काम सोनार करीत असत. विशेषतः सोन्याच्या नाण्यांच्या बाबतीत, जास्त वजनाचे नाणे कातरून आणि हलक्या नाण्यात सोन्याची खुंटी ठोकून ते ठरीव वजनावर आणावयाचे आणि त्यावर आपला ठसा उमटवावयाचा, अशी रीतच पडून गेली होती. न्यूयॉर्कचा एफ्रेम ब्रॅशर हा या पारख्यांत अग्रगण्य. जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होऊन चेरी स्ट्रीटवर राहावयास आला तेव्हा ब्रॅशर त्याचा शेजारी होता व त्याच्या घरी चांदीची भांडी पुरवीत असे. ‘ईबी’ ही दोन अक्षरे लंबगोलात बसविलेला त्याचा ठसा असला म्हणजे तराजूची गरज उरत नसे. १७८७ साली त्याने स्वतः पाडलेल्या सोन्याच्या डब्लूनांपैकी, गरुडाच्या पंखावर हा ठसा असलेले एक नाणे २०२१ च्या जानेवारीत त्र्याण्णव लाख साठ हजार डॉलरांना विकले गेले. चांदीच्या गरीब तुकड्यांच्या गोष्टीत ही रक्कम जरा उद्धटच वाटते, परंतु ठशाच्या पतीचे मोल त्यावरून कळावे.

वेस्ट इंडीजच्या बेटांवर मात्र छिन्नी सरकारच्या हाती गेली. बेटावर आलेली चांदी बेटावरच राहावी म्हणून तिला कापून, भोक पाडून, ठसा मारून इतकी विद्रूप करावयाची आणि तिचा दर्शनी भाव इतका चढवावयाचा, की परक्या व्यापाऱ्याला ती बाहेर नेण्यात स्वारस्य उरू नये, अशी ही युक्ती होती. मार्टिनिकने हृदयाच्या आकाराचे भोक पाडले, त्रिनिदादने अष्टकोनी. सेंट लुसियाने १८१३ साली डॉलरचे उभे तीन भाग केले. टोर्टोलाने तुकड्यांवर बेटाचे नावच उमटविले. १८१३ सालीच कॅनडाच्या किनाऱ्यावरील प्रिन्स एडवर्ड बेटाने आणि पृथ्वीच्या पार पलीकडच्या न्यू साउथ वेल्सनेही भोकाच्या डॉलरचा आश्रय केला. ऑस्ट्रेलियाच्या या पहिल्या नाण्यांसाठी गव्हर्नर मॅक्वारीने जे चाळीस हजार स्पॅनिश डॉलर वापरले ते ‘समरंग’ नावाच्या जहाजातून मद्रासहून गेले होते, आणि भोके पाडण्याचे काम खोट्या नाण्यांच्या गुन्ह्यासाठी काळ्या पाण्यावर आलेल्या विल्यम हेनशॉल नामक कैद्याकडे सोपविले होते. माहितगार माणूस नेमावयाचा तर तो असा.

अमेरिकेचे स्वतंत्र सरकार आले म्हणजे हा पसारा आवरेल अशी अपेक्षा करावी, तर तसे मुळीच घडले नाही. १७९२ च्या टांकसाळ कायद्याने अमेरिकन डॉलर ठरविला तो चलनातील झिजलेल्या स्पॅनिश डॉलरांची चांदी पारखून. त्यात शुद्ध चांदी ३७१ १/४ ग्रेन धरली. परंतु हा नवा डॉलर बाहेर पडताच वेस्ट इंडीजला जाई व तेथे किंचित जड अशा स्पॅनिश डॉलरशी बदलला जाई, म्हणून १८०४ नंतर तो पाडणेच बंद करावे लागले. स्पॅनिश नाणे कायदेशीर चलन म्हणून राहिले ते १८५७ पर्यंत. एव्हाना दोन रियालांची नाणी इतकी गुळगुळीत झाली होती, की त्यांच्यावरील राजा कोण आणि साल कोणते हे सांगणे अवघड व्हावे. या कोऱ्या झालेल्या पाटीवर व्यापाऱ्यांनी, वैद्यांनी, बंदूक बनविणाऱ्यांनी आपापली नावे ठोकली. बाल्टिमोरच्या हौक नामक औषधविक्याने आपल्या रामबाण औषधाची जाहिरात अर्ध्या डॉलरांवर केली. १८२४ मध्ये फ्रेंच सेनानी लाफायेत अमेरिकेच्या भेटीस आला तेव्हा एका बाजूस वॉशिंग्टन व दुसऱ्या बाजूस लाफायेत यांची लहान मुद्रा उमटविलेली नाणी लोकांच्या हाती खेळली. पारख्याच्या ठशाचे अशा रीतीने जाहिरातीत रूपांतर झाले, ही अधोगती म्हणावी की प्रगती, हे ज्याने त्याने ठरवावे.

२१ फेब्रुवारी १८५७ च्या कायद्याने परकी नाणी चलनातून काढली. त्या वर्षीच्या २५ मे रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीच्या आवारात नवे लहान सेंट वाटण्यासाठी लाकडी खोपटे उभारले आणि दोन रांगा लावल्या: एक जुन्या तांब्याच्या सेंटांच्या बदल्यासाठी, दुसरी स्पॅनिश चांदीच्या बदल्यासाठी. या दुसऱ्या रांगेतून जी चांदी आत गेली ती वितळली. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात मात्र डॉलरचा आठवा भाग भावांच्या आकड्यांत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकून राहिला.

संग्राहकांनी या अपंग चांदीकडे वळण्यास बराच काळ घेतला. बोस्टनच्या सिल्व्हेस्टर क्रॉस्बीने १८७५ मध्ये अमेरिकेच्या प्रारंभीच्या नाण्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून चाल्मर्सचे शिलिंग मानाच्या पंक्तीला बसले. परंतु कापलेला रियाल हा पुढेही खोडसाळ नाण्यातच गणला जाई. बेटांवरील ठशांची शिस्तवार छाननी फ्रेड प्रिडमोर यांनी १९६५ च्या आपल्या खंडात केली. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या इलाख्यांच्या नाण्यांवरही याच विद्वानाने लिहिले, म्हणून आपल्याकडील नाणेतज्ज्ञांना हे नाव परिचित आहे. अमेरिकन व कॅनेडियन ठशांची ग्रेगरी ब्रंक यांनी केलेली विस्तृत यादी १९८७ मध्ये आली, आणि मागणी वाढली. मागणीपाठोपाठ बनावटही वाढली. स्पॅनिश डॉलर आजही मुबलक मिळतो, छिन्नी आणि ठसा कोणालाही बनविता येतो, आणि साध्या डॉलरपेक्षा भोकाच्या किंवा ठशाच्या डॉलरला अनेक पट किंमत येते; एवढे जमून आल्यावर मोह कोणाला आवरणार?

तेव्हा या क्षेत्रात परीक्षा हीच विद्या होय. बाजारात वर्षानुवर्षे फिरलेल्या तुकड्याची कापलेली कडही त्याच्या पृष्ठभागाइतकीच झिजलेली, बोथट आणि काळवंडलेली असते. पृष्ठभाग घासलेला आणि कड धारदार असेल तर तो तुकडा काल कापलेला समजावा. ठसा खऱ्या जोराने मारलेला असला तर त्याच्या पाठीमागची बाजू ऐरणीवर दबून सपाट होते. ठशाच्या खोलगट भागातील झीज उंच भागाहून कमी असली पाहिजे, पण त्यांचा रंग एकच असला पाहिजे. सोनाराचा ठसा असेल तर त्याच सोनाराच्या चमच्यांवरील अक्षरांशी तो ताडून पाहता येतो, आणि हा पुरावा सर्वांत बळकट. माझे मत विचाराल तर, लिलावातील देखण्या ठशाच्या डॉलरपेक्षा जुन्या घराच्या पायात किंवा नांगरलेल्या शेतात, कोठे व किती खोल सापडला याची नोंद असलेला, बिनठशाचा चतकोर अधिक मोलाचा मानावा. पहिल्याला फक्त विक्रेत्याचा शब्द आहे, दुसऱ्याला जमिनीची साक्ष आहे.

अशी एखादी तुकडा-चांदी कोणाच्या हाती आली तर त्याने एवढे मात्र करावे: तिचे वजन करावे, टोकाचा कोन मोजावा, आणि चिंच किंवा रांगोळी लावून तिला चकचकीत करण्याचा मोह टाळावा, कारण कडेवरील मळ गेला की तिच्या खरेपणाचा निम्मा पुरावा त्याबरोबर जातो.