इस्लामी राजनय : धार-देवास परिसरातील परंपरा

इस्लामी राजनय : मुस्लिम सत्तांनी इतर सत्तांशी तह, पत्रव्यवहार व वकिलातींद्वारे संबंध राखण्याची पद्धती. दिलेला करार पाळावा, ही कुराणातील आज्ञा तिचा पाया होय. निरोप कितीही अप्रिय असला तरी वकिलाच्या जिवाला हात लावायचा नाही, हा दंडक पैगंबरांच्या काळापासूनचा आहे. 628 मधील हुदैबियाचा दहा वर्षांचा तह आदर्श मानला जातो. हा तह मक्केच्या कुरैश टोळीशी झाला. कुरैशांचा वकील सुहैल याने मसुद्यातील ‘अल्लाहचा प्रेषित’ या शब्दांना हरकत घेतली, तेव्हा पैगंबरांनी ते काढून ‘अब्दुल्लाहचा पुत्र मुहंमद’ एवढेच ठेवले. युद्ध व तहाच्या नियमांची पद्धतशीर मांडणी अश-शैबानी (मृ. 805) याने केली.

सुलतानी माळवा : धार-देवासचा परिसर माळव्यात मोडतो. तैमूरच्या स्वारीत दिल्ली सोडावी लागलेला सुलतान नासिरुद्दीन महमूद तुघलक गुजरातेतून धारला आला. माळव्याचा सुभेदार दिलावरखान घोरीने त्याचा इतमाम राखला. मुलगा अल्पखानाला हे रुचले नाही व तो मांडूला जाऊन राहिला. 1401 मध्ये सुलतान दिल्लीला परतल्यानंतर दिलावरखान स्वतंत्र झाला. पुढे महमूद खलजी पहिला (कार. 1436–69) याच्याकडे कैरोच्या अब्बासी खलिफाचा वकील फर्मान व खिलत घेऊन आला. खलिफाकडे फौज नव्हती. तरीही त्याच्या मान्यतेने माळव्याच्या गादीची प्रतिष्ठा वाढली. तैमूरी सुलतान अबू सईद याला महमूदने नजराण्यासोबत स्वतः रचलेले हिंदवी काव्य पाठवले, असे फारसी इतिहासकार सांगतात.

मराठा काळ : जानेवारी 1738 मध्ये दोराहा येथे मोगलांच्या बाजूने लढणाऱ्या निजामाने पहिल्या बाजीरावास माळवा देण्याचे कबूल केले. 1741 मध्ये सवाई जयसिंगाच्या मध्यस्थीने नानासाहेब पेशव्यास मोगल बादशहा मुहंमदशहाकडून माळव्याची नायब सुभेदारी मिळाली. प्रत्यक्ष सत्ता मराठ्यांची आणि नाव बादशाही, अशी ही तोड होती. पेशवा बादशहाशी बेइमान झाल्यास आपण त्याची चाकरी सोडू, अशी हमी राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर, पिलाजी जाधव व धारचे यशवंतराव पवार यांनी लिहून दिली. धन्याविरुद्ध त्याच्याच सरदारांनी जामीन राहणे, हे या तहाचे वैशिष्ट्य.

देवासच्या पवार घराण्याच्या थोरल्या व धाकट्या पातीने 1818 मध्ये, तर धारने 1819 मध्ये इंग्रजांशी तह केले आणि या संस्थानांचा स्वतंत्र राजनय संपला.

मूल्यमापन : मराठे व मोगल यांचा धर्म वेगळा, वैर जुने, तरीही फर्मान, वकील आणि जामीन यांवर दोघांचा विश्वास होता. शब्दाला बांधून घेणारी ही रीत धर्माच्या सीमेपलीकडे चालली, याचा माळव्याचा इतिहास भक्कम पुरावा आहे.